चोरी त्याने केली, मग पैसे मी का भरायचे?

देवगड तालुक्यातल्या एका बागायतदार ताईंचं मोठं पत्र आलं आहे. ओळख पटेल असं सगळं वगळून त्याचा सारांश असा:

यजमान गेल्यापासून सासऱ्यांनी लावलेली हापूसची बाग ताई एकट्या सांभाळतात. वाशीच्या बाजारात माल पाठवणं कमी करून त्यांनी पुण्यात घरपोच पेट्या द्यायला सुरुवात केली आणि आता बहुतेक आंबा तिकडेच जातो. काढणीला आणि राखणीला नेपाळी कामगार आहेत. पण पेट्या भरणं, गाडीत चढवणं, पावत्या, स्टिकर, हे सगळं गावातलाच एक माणूस बघतो. सासऱ्यांच्या वेळेपासून कामाला आहे, अगदी घरच्यासारखा. यंदा मोहोर गळला, आंबा कमी आला. एप्रिलच्या मध्याला या माणसाने बागेतला चांगला आंबा परस्पर एका व्यापाऱ्याला विकला आणि ३० पेट्यांमध्ये कर्नाटकातून आलेला आंबा भरून त्या पुण्याला पाठवल्या. पेटीचा दर ४,००० रुपये. ९ गिऱ्हाइकांनी तक्रार केली की साल जाड आहे, वास नाही. एका सोसायटीच्या ग्रुपवर ‘देवगडच्या नावाखाली फसवणूक’ असा मेसेज फिरतो आहे. विचारल्यावर त्या माणसाने कबूल केलं. फेब्रुवारीत त्याने मुलीच्या फीसाठी उचल मागितली होती, ती देता आली नाही, असंही ताई जाता जाता लिहितात. दीर म्हणतात, “चोरी तेना केल्यान, पैसे तू कित्याक भरतलंस?” त्यांचं म्हणणं, ग्रुपवर ‘नेपाळी कामगारांनी घोटाळा केला, त्यांना काढून टाकलं’ असं लिहून मोकळं व्हावं, म्हणजे गावात कुणाशी वाईटपणा नको. मुलगा म्हणतो, पोलिसांत द्या, नाहीतर सगळी रक्कम त्याच्या पगारातून कापा. ताई विचारतात: बाहेरचं एक फळसुद्धा पेटीत जाता कामा नये, असं मी सगळ्यांना बजावलं होतं. माझाच आंबा चोरीला गेला. मग गुन्हा त्याचा आणि शिक्षा मला, हा कुठला न्याय?

ताई,

तुम्ही लुबाडल्या गेला आहात, यात मला शंका नाही. कमी पिकाच्या वर्षी निवडक आंबा गेला, जोडलेलं गिऱ्हाईक दुखावलं, आणि ज्याच्या हाती शेडची किल्ली होती त्यानेच हे केलं. अशा वेळी ‘मी का भरू’ असं वाटणं अगदी साहजिक आहे. तरीही माझं उत्तर असं आहे की गिऱ्हाइकांचे पैसे तुम्हीच परत करायचे. ते का, हे सांगण्याआधी तुमच्या पत्रातल्या एका गृहीताकडे तुमचं लक्ष वेधते.

तुम्ही भरपाईला ‘शिक्षा’ म्हटलं आहे. सगळा त्रास तिथून सुरू होतो. शिक्षा ज्याने गुन्हा केला त्याला व्हावी. तुम्हाला ठाऊक नसताना नोकराने केलेल्या लबाडीसाठी फौजदारी कायदा सहसा मालकाला पकडत नाही. त्यासाठी मालकाचा हेतू असावा लागतो, संगनमत असावं लागतं, किंवा एखाद्या विशिष्ट कायद्याने ती जबाबदारी स्पष्टपणे मालकावर टाकलेली असावी लागते. भरपाईचा प्रश्न वेगळा आहे. नुकसान होऊन गेलं आहे आणि ते आता कुणाला तरी सोसावंच लागणार. ज्याने केलं तो लगेच भरू शकत नाही. उरले दोघे, तुम्ही आणि पुण्यातलं गिऱ्हाईक. चोरीच्या बाबतीत दोघेही निर्दोष. मग या दोन निर्दोष माणसांपैकी भार कुणी उचलायचा, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो. तो असा मांडला तर उत्तर तुम्हालाही फार अवघड वाटणार नाही.

पुण्यातल्या गिऱ्हाइकांनी पेटीचे ४,००० रुपये तुम्हाला दिले. पेटी भरणाऱ्या माणसाचं नावसुद्धा त्यांना माहीत नाही. त्याला कामावर घ्यायचं की नाही, किल्ली द्यायची की नाही, पेटीला खिळे ठोकण्याआधी ती एकदा उघडून बघायची की नाही, यातलं काहीच त्यांच्या हातात नव्हतं. तुमच्या हातात होतं. तुम्ही निष्काळजी होता असा आरोप मी करत नाही. चूक टाळण्याची जी काही संधी होती ती एकाच बाजूला होती, इतकंच सांगते.

आणखी एक गोष्ट मला याहून महत्त्वाची वाटते. इतकी वर्षं ‘काय सुंदर भरलीय पेटी, एक फळ डागाळलेलं नाही’ असे फोन आले, ते तुम्हाला आले. त्या पेट्या त्याच माणसाच्या हातांनी भरल्या होत्या. त्याच्या निगुतीने वाढलेलं नाव तुमच्या बागेचं झालं, नफा तुमच्याकडे आला. त्यात गैर काही नाही, धंदा असाच चालतो. पण दुसऱ्याच्या हातांनी केलेल्या चांगल्या कामाचं श्रेय आपल्याकडे येत असेल, तर त्याच हातांनी, त्याच कामात, त्याच शेडमध्ये केलेलं वाईट काम ‘त्याचं त्याने केलं’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

कायदा जवळपास याच वाटेने गेला आहे. आपल्याकडचा १८७२ चा करार कायदा कलम २३८ मध्ये सांगतो की एखाद्याच्या वतीने काम करणाऱ्याने त्या कामाच्या ओघात केलेली फसवणूक, करारापुरती, मालकानेच केल्यासारखी धरली जाते. ‘पण त्याने हे स्वतःच्या फायद्यासाठी केलं, माझा तर तोटाच झाला’ हा तुमचा मुद्दाही न्यायालयांपुढे जुनाच आहे. इंग्लंडमध्ये एका विधवा बाईंची दोन छोटी घरं होती. त्या एका वकिलांच्या पेढीत सल्ला घ्यायला गेल्या, तर तिथल्या कारकुनाने कागदांवर सह्या घेऊन ती मालमत्ता स्वतःच्याच नावावर करून घेतली. पेढीच्या मालकाला पत्ता नव्हता आणि एक पैचा फायदाही झाला नव्हता. तरी १९१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, पेढीला जबाबदार धरलं. कारण बाई पेढीत आल्या होत्या, आणि आलेल्या माणसांशी व्यवहार करायला पेढीनेच त्या कारकुनाला बसवलं होतं.

तुमचा दुसरा मुद्दा, बजावून सांगितल्याचा. तोही टिकत नाही. लंडनमध्ये घोड्यांच्या बसगाड्या चालत तेव्हाची, १८६२ ची गोष्ट आहे. कंपनीने आपल्या चालकांना छापील सूचना दिली होती की दुसऱ्या गाडीशी शर्यत लावू नका, तिला अडवू नका. एका चालकाने नेमकं तेच केलं आणि प्रतिस्पर्ध्याची गाडी उलटवली. कंपनीने सूचनेचा कागद पुढे केला, पण उपयोग झाला नाही. गाडी हाकायलाच तर त्याला ठेवलं होतं, त्याने ती वाईट हाकली. विचार केला तर यात शहाणपण आहे. एक सूचना भिंतीवर चिकटवून जबाबदारीतून सुटता आलं असतं, तर प्रत्येक मालकाने तेवढंच केलं असतं, आणि सूचना पाळली जाते का हे बघायला कुणीच गेलं नसतं.

मालकावर सगळंच टाकायचं असंही नाही. स्टेट बँकेच्या एका प्रकरणात एका माणसाने बायकोच्या खात्यात भरायचे पैसे ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याकडे, मित्र म्हणून, परस्पर दिले. त्याने ते खाल्ले. १९७८ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरलं नाही. तो माणूस बँकेत नोकरीला होता हे खरं, पण ते पैसे त्याने बँकेचं काम म्हणून घेतले नव्हते. तुमच्या माणसाने गावात कुणाकडून उसने घेऊन बुडवले असते, किंवा त्याच्या घरचा आंबा ‘देवगड हापूस’ म्हणून कुणाला विकला असता, तर मीही म्हटलं असतं, ताई, याचा तुमच्याशी संबंध नाही. इथे मात्र शेड तुमची, पेटी तुमची, पावती तुमची, आणि ते काम तुम्हीच त्याच्यावर सोपवलेलं.

तुमच्या मनात याच्या पुढचा प्रश्न असेल: मोठ्या कंपन्यांना हे ठीक आहे, एका हंगामावर वर्ष काढणाऱ्या बाईला तोच नियम? मला हा प्रश्न खरंच अवघड वाटतो. कंपनीसाठी १,२०,००० रुपये म्हणजे हिशोबातली एक ओळ, तुमच्यासाठी पुढच्या वर्षीची खतं, फवारणी आणि राखण. कायदा हा फरक फारसा करत नाही. पण गिऱ्हाईकही लहानच आहे. घरी आजारी असलेल्या वडिलांसाठी वर्षातून एकदा पेटी मागवणारा माणूस तुमच्याहून श्रीमंत असतोच असं नाही. त्यामुळे लहान मालकाला सवलत द्यायची तर ती मुदतीत द्यावी, जबाबदारीत नाही. पैसे दोन महिन्यांत दिले तरी चालतील. ‘माझा संबंध नाही’ म्हणणं चालणार नाही.

आता दिरांच्या सल्ल्याबद्दल. पैसे भरायचे की नाही यावर मतभेद होऊ शकतो, यावर होऊ शकत नाही. नेपाळी कामगारांचं नाव पुढे करू नका. कृपा करून करू नका. ते खोटं आहे, हे तुम्हाला, दिरांना आणि ज्याने चोरी केली त्याला, तिघांनाही माहीत आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याची ही सोय आपल्याकडे फार सहज वापरली जाते, कारण परमुलखातल्या माणसाच्या बाजूने बोलायला गावात कुणी नसतं. आज रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या किती बागा या माणसांच्या राखणीवर उभ्या आहेत, मच्छीमार नौकांवर किती नेपाळी खलाशी आहेत, हे किनाऱ्यावर राहणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही. तुमचा एक मेसेज पुण्यातल्या ग्रुपवरून फिरत देवगडात परत येईल आणि पुढच्या हंगामात त्यांना काम देताना कुणीतरी म्हणेल, ‘अमक्या बागेत यांनी घोटाळा केला होता.’ त्यांचं नुकसान भरून द्यायला तेव्हा कुणीच नसेल. गावातला वाईटपणा टाळण्यासाठी हे करायचं, तर तो वाईटपणा ज्यांना टाळताच येत नाही अशांच्या अंगावर ढकलणं झालं.

शिवाय त्याने तुमचीही सुटका होत नाही. कामगार नेपाळी असो की गावातला, तो तुमचाच कामगार. ‘आमच्या कामगारांनी केलं’ असं लिहून देणं म्हणजे तुमच्या कामाच्या ठिकाणी, तुमच्याच माणसांनी केलं हे कबूल करणं. जबाबदारीच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, फक्त एक खोटं वाढलं. आणि गिऱ्हाईक खरंच चिडलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ते पुण्यातूनच, स्वतः राहतात त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतं. त्याला त्यासाठी देवगडला यावं लागत नाही. दोन वर्षांपर्यंत मुदत आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्कही नाही. तिथे तुमचा तो मेसेज कागद म्हणून पुढे येईल.

हापूसचा मामला असल्याने आणखी एक बाजू आहे. २०१८ मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांपुरतं. दुसरीकडचा आंबा ते नाव लावून विकणं १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली गुन्हा ठरू शकतं. फसवण्याचा हेतू नव्हता, वाजवी काळजी घेतली होती, माल कुठून आला ते विचारताच खरं सांगितलं, या गोष्टी अशा वेळी मालकाच्या बाजूने उभ्या राहतात. म्हणजे खरं लवकर सांगणं तुमच्या हिताचंही आहे. (कर्नाटकातल्या आंब्याला नावं ठेवण्याचं मात्र कारण नाही. तिथल्या शेतकऱ्यानेही तो कष्टानेच पिकवला आहे, आणि त्याच्या नावाने विकला तर त्यात काही गैर नाही.) देवगडात २०२५ च्या हंगामापासून फळावर लावायच्या यूआयडी स्टिकरची, म्हणजे प्रत्येक फळाला वेगळा क्रमांक देण्याची, पद्धत सुरू झाली. तुमच्या नावावरचे असे स्टिकर त्या ३० पेट्यांतल्या फळांवर लागले असतील, तर ज्या संस्थेकडून ते घेतले तिला आधी स्वतःहून कळवा. तिने विचारायची वाट बघू नका.

आता तुम्ही न विचारलेला प्रश्न. ३० पेट्या गेल्या, तक्रारी ९ आल्या. उरलेल्या २१ जणांचं काय? त्यांना कळलं नाही, किंवा कळूनही ते गप्प बसले. ‘यंदा आंबा नेहमीसारखा नाही’ एवढंच कुणी घरात म्हणालं असेल. पत्रात तुम्ही त्यांच्याबद्दल एक शब्द लिहिलेला नाही, आणि मला वाटतं, तो मुद्दाम लिहिलेला नाही. त्यांनाही सांगावं लागेल, ताई. कारण ९ जणांना पैसे परत देणं हे तक्रारीला दिलेलं उत्तर आहे, चुकीला नाही. आणि या सगळ्या प्रकरणात पहिल्यांदाच, या २१ जणांबाबत, तुमच्याकडे अशी एक माहिती आहे जी त्यांच्याकडे नाही. आजवर तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्ही निर्दोष होता. आता ठाऊक आहे. गप्प राहिलात तर या क्षणापासून ती फसवणूक तुमची स्वतःची होते, नोकराची राहत नाही.

निरोप लांबलचक नको. कुणाचं नाव नको, फोटो नको, सबब नको. मी असा लिहीन: “नमस्कार. एप्रिलच्या मध्याला आमच्याकडून पाठवलेल्या ३० पेट्यांमध्ये आमच्या बागेचा आंबा नव्हता. पेट्या भरताना आमच्याकडच्या माणसाने तो बदलला. आम्हाला हे नंतर कळलं. पण पेटी आमच्या नावाने आली, म्हणून जबाबदारी आमची. या पेट्या ज्यांना गेल्या त्या प्रत्येकाला पैसे परत मिळतील, तक्रार केली असो वा नसो.” पुढे तारखा आणि पैसे कधीपर्यंत मिळतील ते लिहा. हा निरोप प्रत्येकाला वेगळा पाठवा, आणि ज्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज फिरतो आहे तिथे तुमच्या गिऱ्हाइकाला तो टाकायला सांगा. कोणत्या पेट्या कुणाला गेल्या याची यादी वाहतूकवाल्याच्या पावत्यांवरून निघेल. ती त्या माणसाच्या आठवणीवर सोडू नका.

पूर्ण पैसे द्यायचे की फक्त दरातला फरक? कुणी म्हणेल, आंबा तर खाल्ला ना. मला हे पटत नाही, कारण त्यांनी तो आंबा मागितलाच नव्हता. शक्य असेल तर पूर्ण द्या. एकदम झेपत नसेल तर ९ जणांना आठवड्याभरात आणि बाकीच्यांना ठरावीक तारखेला द्या. पूर्ण रक्कम अगदीच अशक्य असेल, तर निदान फरक तरी द्या, आणि तसं निरोपातच स्पष्ट लिहा, म्हणजे वरची ‘प्रत्येकाला पैसे परत’ ही ओळ खोटी पडणार नाही. पैशांऐवजी पुढच्या वर्षीची पेटी देऊ करायला हरकत नाही, पण निवड त्यांची असू द्या. आत्ता विश्वास उडालेल्या माणसाला ‘पुढच्या वर्षी देते’ म्हणणं म्हणजे त्याच्याकडून आणखी एक उधारी मागणं आहे.

मग तो माणूस मोकळा सुटला का? नाही. तुम्ही बाहेर भरपाई देता, त्याने तुमचा त्याच्यावरचा हक्क संपत नाही, उलट तो तिथूनच सुरू होतो. तुमचा गेलेला आंबा आणि तुम्ही परत केलेले पैसे, दोन्हींचा हिशोब त्याच्याशी आहे. तो तिसऱ्या माणसासमोर, शांतपणे, लेखी घ्या. किती आंबा गेला, कुणाला, काय दराने, पैसे किती मिळाले, उरले किती. ज्या व्यापाऱ्याने तुमच्या बागेचा आंबा नोकराकडून परस्पर घेतला त्यालाही विचारा. माहीत असून घेतला असेल तर चोरीचा माल घेतल्याचा प्रश्न त्याच्यावरही येतो. दिरांना गावातला वाईटपणा नको आहे, पण या व्यापाऱ्याचं नाव त्यांच्याही तोंडून निघालेलं पत्रात दिसत नाही.

मुलाने सुचवलेली सरसकट पगारकपात करू नका. नुकसानीपोटी पैसे कापायचे तर आधी त्याला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि वेतन संहितेप्रमाणे सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त होता कामा नयेत. त्यापेक्षा त्याच्या संमतीने हप्ते ठरवून वकिलाकडून करारपत्र करून घेणं बरं. महिन्याला किती झेपेल हे त्याच्या घरखर्चाकडे बघून ठरवा. न झेपणारा हप्ता तिसऱ्या महिन्यात थांबतो आणि पुन्हा खोटं बोलायची वेळ आणतो.

पोलिसांत जायचं का? नोकराने केलेल्या अशा विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत कैद आहे, हलकं प्रकरण नाही. तो तुमचा अधिकार आहे आणि तो वापरलात तर मी तुम्हाला निष्ठुर म्हणणार नाही. एवढंच, ‘पैसे दे नाहीतर पोलिसांत देते’ अशी भाषा वापरू नका. तक्रार करायची तर गुन्हा झाला म्हणून करा, वसुलीची काठी म्हणून नको. माझा कल विचाराल तर, हे पहिल्यांदाच घडलं असेल, त्याने कबुली दिली असेल आणि हिशोब खरा देत असेल, तर पोलिसांशिवाय मार्ग काढावा. हे आधीच्या वर्षांतही झाल्याचं दिसलं, किंवा व्यापाऱ्यासोबत नेहमीचं संधान असल्याचं कळलं, तर तक्रार करावी. त्यात तुमच्यासारख्या आणखी बागायतदारांचं नुकसान असू शकतं.

फेब्रुवारीतल्या उचलीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. तिने चोरीचं समर्थन होत नाही. पैशांची गरज असलेले कितीतरी जण चोरी करत नाहीत. पण ‘घरच्यासारखा’ हा शब्द तुम्ही पत्रात अनेकदा वापरला आहे, म्हणून विचारते. घरच्यासारखा म्हणजे नेमकं काय? त्याचा पगार ठरलेला होता का, की हंगाम संपला की जमेल तसं? पावसाळ्यात त्याला काय मिळायचं? सासऱ्यांच्या वेळी ठरलेला आकडा शेवटचा कधी वाढला? घरच्यासारखा म्हणून त्याला कधी कुणी प्रश्न विचारला नाही, कागद मागितला नाही, पेटी उघडून पाहिली नाही. आणि घरच्यासारखा म्हणूनच त्याने वाढ मागायची नाही, रजा मोजायची नाही. हा सौदा दोन्ही बाजूंना महाग पडतो. पुढच्या वर्षी त्याला ठेवा किंवा दुसऱ्याला, पगार लेखी ठरवा आणि उचल किती, केव्हा मिळेल हेही ठरवा.

तपासणीचं सांगायचं तर फक्त मोजदाद वाढवून भागणार नाही. या प्रकरणात आकडे जुळलेच असते, कारण जेवढी फळं बाहेर गेली तेवढीच आत आली. ही चोरी पकडली गेली असती दोनच ठिकाणी. एक, भरलेली पेटी बंद करण्याआधी दुसऱ्या कुणी उघडून बघितली असती तर. रोज कोणतीही दोन-तीन खोकी तुम्ही किंवा मुलाने स्वतः उघडायची, आणि कोणती ते आधी सांगायचं नाही. दोन, बाहेरचा आंबा घेऊन आलेली गाडी. ती शेडपर्यंत आली, उतरवली गेली, परत गेली. राखणीवर माणसं होती. त्यांनी ती पाहिली असणारच, असं मला वाटतं. मग त्यांनी सांगितलं का नाही? कुणाला सांगणार होते? त्यांचा पगार, त्यांचं सामान, त्यांची रजा, सगळं त्याच माणसाच्या हातून जात होतं. ज्यांच्यावर दीर आळ घ्यायला निघाले आहेत, तीच माणसं तुम्हाला वेळेवर सावध करू शकली असती. त्यांना तुमचा नंबर द्या, त्यांचा पगार तुमच्या हाताने द्या, आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक गाडीचा नंबर लिहायची वही त्यांच्याकडे द्या. स्टिकर आणि शेडची किल्ली एकाच माणसाकडे ठेवू नका.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठीही थोडं. मालवण-तारकर्लीला घरगुती निवासव्यवस्था चालवणारे, पिकअप भाड्याने देणारे, बोटी ठेवणारे, सगळ्यांना हा प्रश्न कधी ना कधी गाठतो. गाडीच्या बाबतीत तर तो सर्वांत कडक आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा आहे, आणि चालकाकडे परवाना नव्हता असं निघालं, तर विमा कंपनी जखमी माणसाला पैसे देऊन ते मालकाकडून वसूल करू शकते. परवान्याचा मूळ कागद बघा, मुदत बघा, प्रत जवळ ठेवा. पाहुण्यांना समुद्रात नेणारा मुलगा ‘आमचा नाही, ओळखीचा आहे’ असं सांगणारे मी ऐकले आहेत. पण पैसे तुमच्या बिलात घेतले असतील तर तो तुमचाच, असं समजून त्याचं प्रशिक्षण आणि लाइफ जॅकेट तपासा. नोकराच्या अफरातफरीपासून संरक्षण देणारा फिडेलिटी विमाही मिळतो. ज्यांच्याकडे दुसऱ्याच्या हातून बरीच रोकड किंवा माल जातो, त्यांनी त्याची चौकशी करावी.

ताई, तुमच्या बाबतीत क्रम एवढाच ठेवा. आधी पुण्याचा निरोप, मग स्टिकरची खबर संस्थेला, मग त्या माणसाचा लेखी हिशोब, आणि तो हाती आल्यावर वकील. वकिलाकडे जाताना वाहतुकीच्या पावत्या, ग्रुपवरच्या मेसेजचे फोटो, पैसे परत केल्याच्या नोंदी आणि कबुली देताना हजर असलेल्या माणसाचं नाव सोबत न्या. आणि दिरांना हे पत्र वाचायला द्या. नेपाळी कामगारांबद्दलचा भाग त्यांनी स्वतः वाचावा अशी माझी इच्छा आहे.